चरबी घामातून जात नाही, ताई

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, सहावीत. उंची १४२ सेंमी, वजन ५६ किलो. माझा भाऊ जिमला जातो. त्याचं म्हणणं, "ह्याचं शरीर फॅट बर्नच करत नाही, त्याला सवय लावली पाहिजे." म्हणून गेले काही आठवडे तो मुलाला पहाटे साडेपाचला उठवून, उपाशीपोटी, अंगात रेनकोट घालून बिल्डिंगभोवती पळवतो. मनगटावर घड्याळ बांधलंय, त्यात 'फॅट बर्न झोन' दिसतो. मुलगा दहा मिनिटांत धापा टाकतो, रडतो. भाऊ म्हणतो, वीस मिनिटांनंतरच चरबी जळायला लागते, आधी थांबला तर सगळं फुकट. आता त्यानं फॅट बर्नर पावडरचा डबाही आणून ठेवलाय. सकाळी सातची शाळा. जाताना दूध-बिस्किटं, शाळेत डबा, आल्यावर जेवण, चारला चॉकलेट पावडर घालून दूध, क्लासला जाताना वेफर्स किंवा समोसा. मिस्टर फोर्टहून यायला दहा वाजतात, मग साडेदहाला सगळे एकत्र जेवतो. झोपायला बारा. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचं पोर आहे, उंचीत निघून जाईल. जावेचा मुलगा ह्याच्या दुप्पट खातो आणि तरी काडी. मग माझ्याच मुलाच्या अंगात चरबी का जळत नाही? पावडर सुरू करू का?
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, पावडर सुरू करू नका. आणि रेनकोट आजच काढा. बाकीचं सावकाश बोलू, पण ह्या दोन गोष्टी थांबवायला पुढच्या रविवारची वाट बघू नका.

रेनकोटाचं आधी. मुंबईच्या हवेत एरवीच घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं. नुसता निथळून काही उपयोग नसतो. त्यावर प्लॅस्टिक चढवलं की उष्णता आत कोंडते. चरबीचा थर असलेल्या मुलाच्या अंगातून ती मुळातच सावकाश बाहेर पडते. अशा मुलाला चक्कर येणं, उलटी होणं, अगदी उष्माघात होणं ही लांबची शक्यता नाही. पळून आल्यावर काट्यावर अर्धा किलो कमी दिसत असेल आणि मामा खूश होत असेल, तर त्याला सांगा की ते निव्वळ पाणी आहे. दोन ग्लास पाणी प्यायला की काटा जागेवर येतो.

मग चरबी जाते कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हाच प्रश्न डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि ट्रेनर मंडळींना विचारला होता. बहुतेकांचं उत्तर चुकलं. उष्णता होऊन जाते, असंच अनेकांना वाटत होतं. त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलेला हिशेब असा : १० किलो चरबी पूर्ण जळायला २९ किलो ऑक्सिजन लागतो, आणि त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी तयार होतं. त्या १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन जाते आणि १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे चरबीचा मोठा हिस्सा श्वासावाटे बाहेर पडतो. तुमचा मुलगा बाकावर बसून अपूर्णांकांची गणितं सोडवत असतो, तेव्हाही तो थोडी थोडी चरबी नाकावाटे हवेत सोडतच असतो.

तेव्हा "ह्याचं शरीर फॅट बर्नच करत नाही" हे वाक्य आधी घरातून हद्दपार करा, विशेषतः मुलाच्या कानावर पडेल असं तर कोणी बोलूच नये. त्याच्या अंगात चरबी जळते. जावेच्या मुलापेक्षा दिवसाकाठी बहुधा जास्तच जळते, कारण ५६ किलोचं शरीर जिना चढवायला, चालवायला, नुसतं जिवंत ठेवायलाही अधिक ऊर्जा लागते. स्थूल मुलांचा 'मेटाबॉलिझम स्लो' असतो, हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य मोजायला गेलं की टिकत नाही. आडवं पडून राहिलेलं असताना मोजलं तरी त्यांचा खर्च बारीक मुलांपेक्षा वरचढ भरतो. फरक असलाच तर व्यायामाच्या वेळचा, आणि तोही दर किलो स्नायूमागे हिशेब केला तर. काही अभ्यासांत स्थूल मुलांचे स्नायू चरबी जरा कमी वापरताना दिसले, काहींत बरोबरीनं. बेताच्या गतीचा नियमित व्यायाम दोनेक महिने केला की स्नायूंची ही ताकद वाढते, हेही दिसलं आहे.

आता चरबी जळते म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा नीट बघू. म्हणजे मामाच्या पुढच्या फतव्याला तुमचं तुम्हालाच उत्तर देता येईल.

कातडीखालच्या आणि पोटातल्या खास पेशींमध्ये चरबी थेंबाच्या रूपात साठलेली असते. शरीराला गरज पडली की ॲड्रिनलिनसारखी हार्मोन्स तिथं निरोप धाडतात. पेशीतली एन्झाइम्स चरबीचा रेणू तोडतात, त्यातून फॅटी ॲसिड सुटतं आणि रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून ते स्नायूंपर्यंत पोचतं. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. तिथं ऑक्सिजनच्या साहाय्यानं ते जळतं. थोडक्यात, कामं दोन आहेत : चरबी सुटणं आणि चरबी जळणं. सुटलेली चरबी स्नायूंनी मागितलीच नाही, तर ती रक्तात नुसती फिरून पुन्हा साठवणीत जाते, आणि त्यातली काही यकृतात जाऊन बसते.

पावडरचा भोंदूपणा नेमका इथं आहे. असल्या डब्यांत बहुतेक वेळा मुख्य माल कॅफिनच असतो. कॅफिन चरबी सुटायला थोडीशी मदत करतं. पण सुटली म्हणजे जळली नव्हे. जाळायला स्नायू हलावे लागतात. अकरा वर्षांच्या मुलाला त्यातून मिळणार काय, तर छातीत धडधड, चिडचिड आणि उडालेली झोप. त्यात आणखी काय काय कालवलेलं असतं, ते डब्यावर धड वाचताही येत नाही. मोठ्या माणसांनी स्वतःच्या जिवावर काय करायचं ते करावं, पोरांना असल्या प्रयोगात ओढू नये.

ह्या सगळ्यावर हुकूम चालतो इन्शुलिनचा. आपण खाल्लं, विशेषतः गोड किंवा मैद्याचं खाल्लं, की रक्तात साखर वाढते आणि तिच्या मागोमाग इन्शुलिन. इन्शुलिनचं काम आलेला माल आत भरून घेण्याचं. सोसायटीच्या अरुंद गेटवरचा वॉचमन बघा, बाहेरून गाड्यांची रांग आत येत असली की तो बाहेर निघालेल्या गाडीला हात दाखवून थांबवतो. इन्शुलिन चढलेलं असताना साठवणीतली चरबी तशीच आत अडकते, आणि शरीर नुकती आलेली साखर आधी संपवतं. खाणं थांबून दोन-तीन तास गेले, इन्शुलिन उतरलं, की मग चरबी हळूहळू बाहेर यायला लागते. बिस्किट हे तर दुहेरी प्रकरण आहे. त्यातली साखर आणि मैदा इन्शुलिन चढवतात, आणि त्याच बिस्किटातलं वनस्पती तूप मग सरळ साठवणीत जातं.

स्थूल मुलांमध्ये बऱ्याचदा उपाशीपोटीचं इन्शुलिनही चढंच राहतं. त्यात ११-१२ हे वय असं, की वयात येताना सगळ्याच मुलांचं शरीर इन्शुलिनला साधारण एक तृतीयांशानं कमी दाद देतं. निसर्गाचीच तशी रचना आहे, वाढ पुरी झाली की ते सुधारतं. बारीक मुलाला त्यानं काही बिघडत नाही. तुमच्या मुलाला मात्र दोन्हीकडून ओढ बसते. एक काम करा, आज अंघोळीनंतर त्याची मान मागच्या बाजूनं आणि काखा उजेडात बघा. मळ साचल्यासारखा काळपट, जरा जाड, मखमली पट्टा दिसतोय का? पुष्कळ आया तो घासणीनं, बेसनानं, लिंबानं खरवडून काढायला बघतात, आणि पोराची मान लाल होते. ती मळाची रेघ नसते, वाढलेल्या इन्शुलिनची असते. दिसली तर मुलाला ओरडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता तुम्ही लिहिलेला दिवस पुन्हा वाचते. सकाळी साडेसहाला दूध-बिस्किटं, मग डबा, मग जेवण, चारला दूध, क्लासच्या वाटेवर वेफर्स किंवा समोसा, रात्री साडेदहाला जेवण. जागेपणी असा एकही लांब टप्पा नाही, जिथं वॉचमन उसंत घेईल. आणि बाराला झोपलेलं मूल साडेपाचला उठतं, म्हणजे झोप साडेपाच तास. ह्या वयाच्या मुलाला किमान नऊ तास हवेत. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट ही आहे, रेनकोटही नंतर.

कारण साधा हिशेब करा. व्यायाम करताना ह्या वयाची स्थूल मुलं मिनिटाला जास्तीत जास्त साधारण पाव ग्रॅम चरबी जाळतात, थोडंफार इकडेतिकडे. अख्खा तास अगदी योग्य गतीनं चालला, तर १५ ग्रॅमच्या आसपास. उलट रात्री पोट रिकामं झाल्यावर झोपेत शरीर निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा चरबीतून घेतं. तुमच्या मुलाच्या वजनाला नऊ तासांच्या झोपेत ते २५-३० ग्रॅमच्या घरात जातं. मामाच्या दहा मिनिटांच्या धावण्यात मिळून मिळतील दोन-अडीच ग्रॅम. तेवढ्यासाठी आपण त्याची आधीच तोकडी झोप आणखी कापतोय! शिवाय झोप कमी झालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, तीही पोळी-भाजीची नाही, गोडाधोडाची आणि तळणीची.

हे आकडे ऐकून व्यायाम बंद करू नका. १५ ग्रॅम चरबी म्हणजे १३५ कॅलरी. वेफर्सच्या चाळीस ग्रॅमच्या एका पाकिटात १३-१४ ग्रॅम तर तेलच असतं. तेव्हा 'खाल्लंस ना, आता जाळ' हा मार्ग मुळातच हरण्याचा आहे, आणि त्यानं मुलाच्या मनात खाणं म्हणजे गुन्हा अन् व्यायाम म्हणजे शिक्षा हे घट्ट बसतं. व्यायामाची खरी कमाई नंतरच्या तासांमध्ये असते. एकदा चांगलं खेळून आलं की पुढचा दिवस-दीड दिवस स्नायू इन्शुलिनचं ऐकायला लागतात, थोड्या इन्शुलिनमध्ये काम भागतं, आणि चरबीला बाहेर पडायला वाट मिळते. दोन दिवस खाडा पडला की हा फायदा ओसरतो. म्हणून रोज.

आता तुमच्या भावाचे नियम एकेक करून घेऊ. वीस मिनिटांनंतरच चरबी जळते, हे खरं नाही. ती पहिल्या मिनिटापासून जळते, पलंगावर लोळतानाही जळते. वेळ जाईल तसा तिचा वाटा वाढतो, एवढाच त्यात तथ्यांश. तेव्हा दहा मिनिटं सकाळी आणि दहा मिनिटं संध्याकाळी चालणं फुकट जात नाही.

'फॅट बर्न झोन' हे अर्धसत्य आहे. चरबी कमाल वेगानं जळण्याची एक गती प्रत्येकाची असते, हे बरोबर. प्रयोगशाळेत ती मोजतात. मुलाला मास्क लावून सायकलवर किंवा ट्रेडमिलवर बसवतात-चालवतात, आणि आत घेतलेल्या ऑक्सिजनमागे बाहेर किती कार्बन डायऑक्साइड पडला ते बघतात. ते प्रमाण ०.७ च्या जवळ असलं तर इंधन मुख्यतः चरबी, १ च्या जवळ गेलं तर साखर. मुलांमध्ये ही कमाल गती त्यांच्या पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या आसपास येते. त्याच्या वर गेलं की शरीर चरबी सोडून साखरेवर येतं, कारण साखर लवकर जळते आणि तिला ऑक्सिजन कमी पुरतो. म्हणजे बघा, धापा टाकत, रडत पळणारा तुमचा मुलगा त्या दहा मिनिटांत मुख्यतः साखर जाळत होता. चरबीसाठी म्हणून पळवलं आणि चरबीच मागे राहिली.

घड्याळाला ह्यातलं काही कळत नाही. ते नाडीचे ठोके मोजतं आणि २२० वजा वय ह्या सूत्रावरून अंदाज ठोकून देतं. ते सूत्र मोठ्यांसाठीही ढोबळच आहे, मुलांना तर लागूच पडत नाही. मुलांचे कमाल ठोके ह्या वयात सहसा १९५ ते २०५ च्या दरम्यान असतात. तुम्हाला हवी असलेली गती ओळखायला घड्याळ नकोच. चालता चालता तो तुम्हाला शाळेतली गोष्ट सांगू शकतो, पण गाणं म्हणता म्हणता मधे श्वास घ्यायला थांबतो, तीच ती गती. त्याच्या वर गेलेलंही वाया जात नाही. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना दोन धावांसाठी जीव तोडून पळाला, तर उत्तम. त्या क्षणी साखर जळेल, पण मग उरलेल्या दिवसात शरीर चरबीकडे जास्त वळतं. चोवीस तासांचा मेळ महत्त्वाचा. सुरुवात मात्र बोलत चालण्याच्या गतीनं करायची, कारण ती त्याला जमेल, गुडघे दुखणार नाहीत, आणि उद्या पुन्हा जावंसं वाटेल.

उपाशीपोटी व्यायामानं त्या तासापुरता चरबीचा वाटा वाढतो, दिवसाच्या हिशेबात फरक उरत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला त्यासाठी उपाशी पळवायचं कारण नाही. पण उलटी चूकही करू नका. खेळायला जाण्याआधी किंवा खेळताना 'एनर्जी' म्हणून गोड पेय दिलं, तर चरबी जळण्यावर तिथल्या तिथे ब्रेक लागतो. तासभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं. फार उकाडा असेल तर पातळ ताक.

मग करायचं काय? पहाटेचं धावणं बंद. जेवणाची वेळ बदला, आणि हे तुम्हाला सर्वांत जड जाईल ते मी जाणून आहे. मुंबईत घरातला कर्ता माणूस दहाला दारात येतो आणि सगळं घर त्याच्यासाठी भुकेलं बसतं. मिस्टरांनी चिडू नये, पण मुलाचं आणि आजीचं ताट आठला वाढा. तुम्ही दोघं नंतर जेवा. बाबांबरोबरचा वेळ मुलाला हवाच असतो, तो रविवारी जेवणाच्या टेबलाबाहेर मिळू दे. पवई तलावाच्या कडेनं बापलेक तासभर चालून आले तर दोघांचंही कल्याण आहे. (मिस्टरांचं पोट तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण फोर्ट ते भांडुप रोजची लोकल आणि साडेदहाचं जेवण म्हटल्यावर मला अंदाज येतो.) साडेनऊ-पावणेदहाला दिवे बंद, फोन बाहेरच्या खोलीत.

दुधाचा ग्लास बघा. चॉकलेट पावडरच्या डब्यामागे 'एकूण साखर' असा आकडा असतो, तो वाचा. त्यात आपण वरून घातलेले चमचे मिळवा. अकरा वर्षांच्या मुलाला वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे, ह्याच्या आत असली तर चांगलं. अनेक घरांत दोन वेळच्या दुधात आणि दोन बिस्किटांतच ती संपते. दूध नुसतं द्या. तोंड वाकडं करेल. आठवडाभर अर्धी पावडर, मग पाव, मग बंद, असं उतरवा. क्लासला जाताना पुडा न देता घरूनच मूठभर भाजलेले चणे नाहीतर शेंगदाणे, एक केळं, कधी उकडलेलं अंडं. बाहेरचा वडापाव आयुष्यातून पुसू नका, मुंबईचं पोर ते. पंधरवड्यातून एकदा, ठरवून, तुमच्यासोबत बसून, चोरून नाही. जेवणात वेगळं 'डाएट' काढू नका. पोळी किंवा भाकरी, भाजी, उसळ, आमटी, थोडा भात, हे सगळ्यांना तेच. ताट वाढताना भाजी-उसळ आधी वाढा, आणि दुसरी पोळी मागितली तर द्या. एकट्या मुलाच्या पुढ्यात काकडी आणि बाकीच्यांच्या पुढ्यात भजी, असलं घर मुलाला चोरून खायला शिकवतं.

दोन खाण्यांमध्ये तीन तास काही नाही, पाणी सोडून. अंतर ठेवण्यात जादू नाही. त्यानं इन्शुलिन उतरायला वेळ मिळतो हे खरंच, पण निम्मा फायदा एवढाच, की मधलं अरबटचरबट आपोआप गळतं.

हालचालीचं : रोज एक तास, तुकड्यातुकड्यांत चालेल. क्लासला रिक्षा न करता चालत, जिना, संध्याकाळी खाली खेळ. वजनदार मुलाला पोहणं फार मानवतं, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही आणि तिथं कोणी त्याला मागे टाकून पुढे पळत नाही. तुमच्या जवळ मुलुंडला कालिदास नाट्यमंदिराच्या आवारात पालिकेचा तलाव आहे, सुट्टीतल्या बॅचची चौकशी करा. टॉवेल गुंडाळून उघड्या अंगानं उभं राहायला लाजत असेल तर पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टी-शर्ट घेऊन द्या. पावसाळ्यात खाली उतरता येत नाही, तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये लेझीमचा सराव असेल तर त्याला तिथं धाडा. तास-दीड तास, ठेक्यावर, दमवून पण धाप न लावता. मी सांगितलेली गती ह्याहून बरी कुठे मिळणार? दोरीवरच्या उड्या मात्र सध्या नकोत, गुडघ्यांना आणि खुब्याला ताण येतो.

जावेचा मुलगा काडी आहे, म्हणजे त्याची चरबी भराभर जळते असं समजू नका. भूक किती लागते, पोट भरल्याचा निरोप मेंदूला कधी पोचतो, उरलेलं कुठे साठतं, ह्यात आनुवंशिकतेचा हात मोठा आहे. तुमच्या मुलाचा किंवा तुमचा त्यात दोष नाही. शिवाय आपल्या लोकांत वरून बारीक दिसणाऱ्यांच्या आतही चरबी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं इथली आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची नवजात बाळं ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण चरबीच्या बाबतीत आपली बाळं त्या मानानं मागे नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकवून. तेव्हा काडी पोरालाही लेझीमला पाठवा, जावेला सांगून.

राहिल्या सासूबाई. त्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं मोठं कामाचं आहे. वाढत्या मुलाचं वजन उतरलंच पाहिजे असं नसतं. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागणं. आज तो २७.८ भरतो, ह्या वयाला तो स्थूलतेतच मोडतो. पण वजन ५६ वरच राहिलं आणि उंची १५२ झाली, तर तोच २४.२ होतो. १६० झाली तर २१.९. वयात येताना मुलगे वर्षाला ८-१० सेंमीसुद्धा वाढतात. म्हणजे दोन-अडीच वर्षं वजन जागच्या जागी धरून ठेवणं, हेच मोठं यश असू शकतं. डॉक्टरांनी तपासून थोडं उतरवायला सांगितलं तरी तेही महिन्याला अर्धा किलो वगैरे, ह्याहून घाई नाही. आजींचं चुकतं ते 'आपोआप' ह्या ठिकाणी. काहीच न बदलता वजन उंचीच्या पुढे पळत राहिलं, तर उंची त्याला गाठू शकत नाही. काटा महिन्यातून एकदा, तोही मुलाला आकडा मोठ्यानं न सांगता. त्यापेक्षा टेप घ्या, कमर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे आज ७१ सेंमीच्या आत.

एकदा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन या, जायचं टाळू नका. रक्तदाब योग्य मापाच्या पट्ट्यानं, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, आणि यकृतासाठी एएलटी, एवढं ह्या वजनाला तपासून घ्यावं. थायरॉइडचं खापर फोडण्याआधी त्याच्या उंचीचा आलेख विचारा : थायरॉइडनं वजन वाढलेल्या मुलाची उंची खुंटते, नुसत्या खाण्यानं वाढलेली मुलं ह्या वयात बहुधा वर्गात उंचच दिसतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, किंचित वाढलेला आला तर तो पुष्कळदा वजनाचाच परिणाम असतो, लगेच गोळी मागू नका. आणि काही गोष्टींना थांबायचं नाही : रात्री मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, दिवसा पेंगणं, सारखी तहान आणि लघवी, डोकेदुखीबरोबर दिसायला अंधुक होणं, मांडीत-खुब्यात किंवा गुडघ्यात दुखून लंगडणं, पोटावर जांभळे रुंद वण. लंगडत असेल तर त्याला चालवूही नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ह्या वयात खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं आणि दुखतो मात्र गुडघा. हार्मोन्सच्या तज्ज्ञाची गरज लागलीच तर परळच्या वाडिया रुग्णालयात मुलांसाठी तो विभाग आहे. जाताना आतापर्यंतच्या उंची-वजनाच्या जेवढ्या नोंदी सापडतील, लसीकरणाच्या कार्डापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत, तेवढ्या सगळ्या एका पिशवीत घालून न्या. आणि मामाला सोबत येऊ द्या, त्याचे प्रश्न त्यानं तिथंच विचारावेत.